मदत हवी आहे: पूरग्रस्तांसाठी गेमिंग स्ट्रीम, जमा रकमेचा आकडा कसा दाखवायचा?

पूरग्रस्तांसाठी आमचा गेमिंग गट 12 तासांची यूट्यूब स्ट्रीम करतोय. सुपर चॅट (प्रेक्षक पैसे देऊन पाठवतात ते संदेश) बंद ठेवणार, कारण त्यातले साधारण 30 टक्के यूट्यूब कापतं आणि उरलेलं चॅनेलवाल्याचं उत्पन्न धरलं जातं. म्हणून ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्यमंत्री सहायता निधीचाच क्यूआर लावायचा ठरलंय. (देणगीवरची करवजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, हे पडद्यावर लिहिणार आहोत.)

अडचण अशी, की पैसे आमच्या खात्यातून जातच नाहीत. मग जमा रकमेचा आकडा पुढे सरकवायचा कसा? स्क्रीनशॉट मागवले तर खोटे येतात, शिवाय देणाऱ्याची माहिती उघडी पडते. गूगल फॉर्मवर 12 अंकी यूटीआर (यूपीआय व्यवहाराचा क्रमांक) घेतला तर दुबार नोंदी गळतात, पण रक्कम खरी की फुगवलेली ते कळत नाही. कुणी बरी पद्धत वापरली आहे का?

आणि 720 पी ला, 2500 केबीपीएसवर, धावत्या गेमपुढे क्यूआर धूसर होतो. पांढरी कड सोडून 300 पिक्सेल केला, तरी तेच. मोबाइलवर बघणारा स्वतःचाच पडदा कसा स्कॅन करणार, तेही आहेच.

प्रवेश फी घेऊन बक्षिसाची स्पर्धा कृपया सुचवू नका. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात ती अडकू शकते.