कॅलेथियाच्या पानांच्या कडा करपतायत, काय करू?

हिरवीपालवी:
कॅलेथिया ऑर्बिफोलिया आणून तीन महिने झाले, ते गोल पानांचं, चंदेरी पट्ट्यांचं. खिडकीपासून चारेक फूट आत ठेवलंय, थेट ऊन येत नाही, रोज सकाळी कपभर पाणी घालते, पानांवर स्प्रे पण मारते तरी कडा कुरकुरीत तपकिरी होत चालल्यात आणि दोन पानांची तर सुरळीच झालीये. खूप जीव लावलाय हो याला. घरात मांजर आहे म्हणून मुद्दाम हेच निवडलं होतं.

मातीतलेहात:
आधी ते रोजचं कपभर बंद करा ताई. असं थोडं थोडं पाणी वरच्यावर राहतं, खालची मुळं तहानलेली आणि नळाच्या पाण्यातले क्षार धुऊन न जाता मातीत साचत राहतात, कडा बहुतेक त्यानेच करपतायत. कुंडीच्या काठाला पांढरी पुटं आहेत का बघा. बोट घालून वरची इंचभर माती सुकलेली लागली तरच पाणी, पण मग खालच्या भोकातून निथळेपर्यंत, आणि ताटलीतलं ओतून टाकायचं. पावसाचं किंवा आरओचं मिळालं तर उत्तम. रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडतो, क्षार नाही उडत. स्प्रेचा ओलावा काही मिनिटांचा, त्यापेक्षा चार झाडं एकत्र ठेवा आणि एसीचा झोत टाळा.

सावलीप्रेमी:
+१. पान उलटून देठाजवळ बारीक जाळी आहे का तेही बघाच, कोरड्या हवेत याला लाल कोळी ही बारीक कीड पटकन लागते. असेल तर ओल्या फडक्याने पानं खालून पुसत राहा.

हिरवीपालवी:
जाळी नाही, पण पुटं आहेत!! अगदी मीठ सांडल्यासारखी. कडा परत हिरव्या होतील का? नाहीच जमलं तर मनी प्लांट आणू?

मातीतलेहात:
करपलेलं हिरवं होत नाही, नव्या पानांकडे बघा. पुटांचा थर खरवडून काढा, मग चांगल्या पाण्याने माती दोन-तीनदा धुऊन निथळू द्या. मनी प्लांट नको, मांजराने चावलं की तोंडाची आग होते, अ‍ॅग्लोनिमाचंही तेच. अ‍ॅस्पिडिस्ट्रा घ्या, मांजराला सुरक्षित आणि अंधाऱ्या कोपऱ्यातही तगतं. पण हे एवढ्यात सोडू नका हो. देठ पानाला जुळतो तिथे जरा फुगीर सांधा असतो, त्यात पाणी कमीजास्त होऊन रात्री पान उचललं जातं, ते अजून होतंय का?

हिरवीपालवी:
आत्ताच बघून आले, मधली तीन पानं उभी झालीयेत. उद्या सकाळीच माती धुते.