मदत हवी आहे: २० लाख बाहेर पाठवायचे आहेत, बँक ४ लाख कापणार म्हणते

शिवडीची_सई
आमच्या पीआरचं (परदेशात कायम राहायच्या परवानगीचं) काम शेवटाला आलंय आणि बँकेत अडलंय. २० लाख पाठवायचे आहेत. दादरच्या शाखेत काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, २० टक्के टीसीएस (बाहेर पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) लागेल. म्हणजे ४ लाख! पप्पांनी गावची जमीन विकून दिलेले पैसे आहेत हो. दुसरा काही मार्ग आहे का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. दिवस कमी आहेत.

खारफुटी
देश कोणता? पैसे कशासाठी? आत्ता कोणाच्या खात्यात आहेत? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

पार्लेकर_७
बाईंनी अर्धवट सांगितलं. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला पहिल्या १० लाखांवर टीसीएस नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के. म्हणजे २० लाखांवर २ लाख. आणि तो बुडत नाही, करखात्याच्या तुमच्या स्टेटमेंटमध्ये दिसतो, रिटर्न भरलं की करात वळता होतो किंवा परत येतो. नोकरी असेल तर ऑफिसात हा टीसीएस कळवा, पगारातला टीडीएस तेवढा कमी करतात. मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी, हेही लक्षात ठेवा.

निळू_मुलुंड
मुलाच्या वेळी आम्ही जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट उघडलं होतं. वर्षाचे ११,९०४ युरो एकरकमी भरायचे, तिकडे दरमहा ९९२ मिळतात. सगळं ऑनलाइन झालं, शाखेत जावंच लागलं नाही. तेच करा.

शिवडीची_सई
जर्मनी नाही, कॅनडा. एक्सप्रेस एन्ट्री, म्हणजे तिथल्या पीआरची ऑनलाइन योजना. इन्व्हिटेशन आलंय, अर्जाच्या ६० दिवसांतले २३ गेले. मी, हे आणि लेक. कृपया मुद्द्याचं सांगा.

बंदर_१९
माझा मावसभाऊ ब्रॅम्प्टनला आहे. तुम्ही इथे रुपये द्या, तो तिथे डॉलर देईल. आमच्यात सगळे असंच करतात. टीसीएस नाही, फॉर्म नाही.

खारफुटी
याला हवाला म्हणतात. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली बेकायदा आहे. ताई, याच्या वाटेला जाऊ नका.

बंदर_१९
घरातल्या घरात कसला हवाला? उगाच घाबरवू नका.

पार्लेकर_७
घरातलं असो की बाहेरचं, या पैशाचा कागद कुठून आणणार? पीआरच्या अर्जात सगळा खेळ कागदाचा आहे.

आजोळ
अहो थांबा जरा. सई, पैसे पाठवायला कोणी सांगितलं? एक्सप्रेस एन्ट्रीत पैसे फक्त दाखवायचे असतात. तिघांसाठी कॅनडा सरकारच्या जुलै २०२५ च्या तक्त्यात २३,३६० कॅनेडियन डॉलर होते. तुमचे पैसे दादरच्याच खात्यात राहू देत. हवं ते बँकेचं पत्र: लेटरहेडवर खाते क्रमांक, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, मागच्या ६ महिन्यांची सरासरी शिल्लक आणि असलेली कर्जं. मी २०२३ मध्ये एफडीही त्याच पत्रात घालून घेतली होती.

शिवडीची_सई
एजंट म्हणाला, तिकडे खातं उघडून भरून ठेवा. तीन आठवडे त्याच धावपळीत गेले माझे. पण पप्पांचे पैसे माझ्या खात्यात दीड महिन्यापूर्वीच आलेत. सरासरी कशी बसणार?

आजोळ
हे पहिल्यांदाच लिहायला हवं होतंत! सरासरी कमीच दिसेल, म्हणून स्पष्टीकरणाचं पत्र जोडा. सोबत पप्पांचं नोटरी केलेलं बक्षीसपत्र, जमिनीच्या खरेदीखताची प्रत आणि त्यांच्या खात्यातून तुमच्याकडे पैसे आल्याचं स्टेटमेंट. पैसे परत करायचे नाहीत, हे बक्षीसपत्रात स्वच्छ लिहा, कारण उसने पैसे चालत नाहीत. वडिलांकडून मिळालेल्या रकमेवर तुम्हाला कर नाही. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत त्या पैशाला हात लावू नका.

पार्लेकर_७
तिकडे गेल्यावर इथली बचत खाती एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांची खाती) करून घ्या, बरेच जण विसरतात.

वाळवण
विषय थोडा वेगळा आहे, पण राहवत नाही. जमीन विकून पैसे दिलेत, मग पप्पांच्या म्हातारपणाचं काय? आमच्या शेजारच्या काकांनी असंच केलं. आता फोनची वाट बघत बसतात.

खारफुटी
तो त्यांचा घरचा प्रश्न आहे. धागा बँकेचा आहे.

शिवडीची_सई
नाही, विचारलंत ते बरं केलंत. रात्री झोप लागत नाही ती याच विचाराने. शिवडीची खोली पप्पांच्याच नावावर आहे आणि राहणार. धाकटा भाऊ त्यांच्याजवळ आहे.

आज शाखेत गेले होते. पत्र दिलं, पण नुसती शिल्लक लिहून. सरासरी आमच्या फॉरमॅटमध्ये नाही म्हणाले. यांचं होमलोन दुसऱ्या बँकेत आहे, तेही दाखवायचं का?

आजोळ
दाखवा. त्या बँकेकडून थकबाकीचं वेगळं पत्र घ्या. सरासरीसाठी काउंटरवर वाद घालू नका, मॅनेजरना लेखी अर्ज द्या, त्यात पाचही गोष्टी लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. माझं असंच झालं होतं, चौथ्या दिवशी पत्र मिळालं.

शिवडीची_सई
अर्ज आत्ताच लिहून ठेवते. सोमवारी दहाला शाखा उघडायच्या आत तिथे असेन. पप्पाही येतायत, तिथूनच नोटरीकडे जाऊ.