हार्ट ट्रान्सप्लांटमध्ये नर्व्ह जोडतच नाहीत, मग हृदय चालतं कसं?

जिज्ञासू_जोशीण:
सासऱ्यांचं हार्ट ट्रान्सप्लांट होऊन वर्ष होत आलं, तब्येत ठणठणीत आहे. पण नुसते पेपर वाचत बसले असले तरी पल्स ९५-१०० असते. डॉक्टर म्हणाले काळजी नको, काढताना कापलेल्या नर्व्ह परत जोडत नाहीत म्हणून असं होतं. मग हृदयाला धडधड म्हणून सांगतं तरी कोण? हाताची नर्व्ह तुटली की हात लुळा पडतो ना?

रानभाजी:
हाताच्या स्नायूला वरून हुकूम आल्याशिवाय हलता येत नाही, हृदयाचं तसं नाही. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात एसए नोड असतो, तो आपला आपण करंट काढतो, मोठ्या माणसात मिनिटाला साधारण १०० वेळा. आपली पल्स ७० च्या आसपास राहते कारण मेंदूकडून येणारी व्हेगस नर्व्ह सतत ब्रेक दाबून बसलेली असते. तो ब्रेकच कापलाय, म्हणून १००.

फिजिओवाली:
+१. आणि त्यांना जिना चढताना बघा, आपल्यासारखे ठोके लगेच वाढत नाहीत, कारण ठोके वाढवणाऱ्या सिम्पथेटिक नर्व्हपण गेलेल्या असतात, मग किडनीवरच्या ग्रंथीतलं अ‍ॅड्रेनलिन रक्तातून पोचेपर्यंत थांबावं लागतं आणि थांबल्यावरही पल्स खाली यायला बराच वेळ घेते, म्हणून आम्ही आधी सावकाश वॉर्मअप आणि शेवटी हळूहळू थांबणं यावर इतकं डोकं खातो.

बेडूकराव:
१९२१ मध्ये शास्त्रज्ञ ऑटो लोवीने बेडकांच्या हृदयांवर व्हेगसचा हा ब्रेक कसा लागतो ते दाखवलं. एकाच्या व्हेगसला करंट दिला, ठोके मंदावले, मग त्याच्याभोवतीचं पाणी नर्व्ह काढलेल्या दुसऱ्या हृदयावर सोडलं तर तेही मंदावलं! म्हणजे नर्व्ह टोकाला केमिकल सोडते, अ‍ॅसिटिलकोलीन. १९३६ चं नोबेल, हेन्री डेलसोबत. (बारावीला हे असं शिकवलं असतं तर बायो सोडलं नसतं.)

जिज्ञासू_जोशीण:
भारीच! मग छातीत दुखलं तर कळेल का त्यांना?

फिजिओवाली:
बहुतेकदा नाही, दुखणं वर नेणाऱ्या नर्व्हपण त्यातच कापलेल्या. काहींच्यात वर्षांनी थोड्या परत वाढतात पण त्यावर विसंबू नका. दम लागणं, पायाला सूज, एकदम गळून जाणं यातलं काही दिसलं तर लगेच टीमला फोन करा, आणि अँजिओची तारीख "मला तर काही होत नाही" म्हणून त्यांना पुढे ढकलू देऊ नका, सगळे सासरे हेच करतात.