डांबरी ड्राइव्हवेला सीलर मारायचा का? मारायचा तर कसा?

पाऊलखुणा:
आमचा फाटकापासून गॅरेजपर्यंतचा ड्राइव्हवे डांबरी आहे. घातला तेव्हा काळाकुळकुळीत होता, आता राखाडी पडलाय. झाडलं की केरात बारीक रेती येते. मधल्या पट्ट्यात केसासारख्या भेगा आहेत, गाडी उभी राहते तिथे ऑइलचे डाग आहेत. गॅरेजच्या उजव्या कोपऱ्यात तर भेगांचं जाळंच झालंय, तिथे पाय दिला की किंचित दबतं. एक जण म्हणतो, सीलरचे (डांबरावर फासायच्या काळ्या पातळ लेपाचे) दोन हात मारा, नव्यासारखा होईल. दुसरा म्हणतो, सीलर म्हणजे नुसता काळा रंग, पैसे पाण्यात. खरं काय? आणि हे घरच्या घरी जमतं का? नवरा फार उत्साहात आहे, म्हणून आधी विचारून घेतेय.

डांबरट:
ताई, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. माझी हयात रस्त्याच्या कामात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डांबरी थरात डांबर वजनाने जेमतेम 5-6 टक्के असतं. बाकी सगळी खडी, कच आणि भुकटी. तेवढंसं डांबर सगळ्यांना धरून ठेवतं. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन लागून ते कडक होत जातं, त्याचा चिवटपणा जातो. राखाडी रंग त्याचाच. मग वरची कच सुटायला लागते (तुमच्या केरातली रेती ती हीच), भेगा पडतात आणि त्यातून पाणी खाली उतरतं. सीलर ऊन, पाणी आणि थोडंफार सांडलेलं तेल वरच्या वर अडवतो, त्यामुळे हे सगळं लांबतं. पण तो थर मिलिमीटरभरही जाड नसतो. गाडीचं वजन तो पेलत नाही, खचलेलं उचलत नाही.

म्हणून आधी तो उजवा कोपरा. अशा जाळीला आमच्यात अ‍ॅलिगेटर क्रॅक म्हणतात. पाय दिल्यावर दबतंय म्हणजे बहुतेक खालचा खडीचा थर पाणी पिऊन ढिला झालाय. छपराच्या पन्हळीचा पाइप तिथेच सुटतो का बघा. सुटत असेल तर पहिलं ते पाणी दुसरीकडे वळवा. मग तेवढा भाग चौकोनी कापायचा, ओली खडी उपसून नवी भरायची, धुमसाने नीट ठोकायची आणि वर गरम डांबरमिश्रण दाबून बसवायचं. हे माहीतगाराकडूनच करून घ्या. नुसता सीलर फासलात तर थोड्याच दिवसांत तीच जाळी पुन्हा वर दिसेल.

केसाएवढ्या भेगा सीलरनेच बुजतात. साधारण 3 मिमीच्या पुढच्या भेगेला क्रॅक फिलर लागतो. भेगेतलं गवत मुळासकट काढा, माती साफ करा, भेग पूर्ण कोरडी होऊ द्या, मगच भरा.

ऑइलच्या डागाला कमी लेखू नका. ऑइल, पेट्रोल, डिझेल डांबराला विरघळवतात. डागावर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. मऊ लागलं तर तेवढं खरवडून पॅच मारा. घट्ट असेल तर डिटर्जंटने घासून धुवा, वाळू द्या आणि ऑइलच्या डागांसाठी मिळणारा प्रायमर लावा. नाहीतर बरोबर तिथूनच सीलरचे पापुद्रे सुटतात.

ब्रशबहाद्दर:
वरच्यांनी तयारी सांगितली, मी मारण्याच्या दिवसाचं सांगतो. दिवसा आणि रात्रीही 10 अंशांच्या वर तापमान हवं आणि पुढचे 24 तास पाऊस नको. जमीन चटके देत असेल तर आधी पाण्याचा हलका फवारा मारा, पण डबकी राहू देऊ नका. डबा तळापासून ढवळा, नाहीतर वाळू खाली आणि पाणी वर. गॅरेजच्या दाराशी आणि भिंतींच्या कडेला टेप लावा, कडा ब्रशने आधी मारून घ्या. मग गॅरेजकडून फाटकाकडे मागे मागे येत रबरी वायपरने पसरवा. उलटं केलंत तर काम संपल्यावर आत अडकाल! एक जाड हात मारण्यापेक्षा दोन पातळ हात मारा, पहिला वाळल्यावर दुसरा. नंतर एक-दोन दिवस तरी गाडी बाहेर. आणि घरात जाताना चपला बाहेर काढा, फरशीवरचा डाग सहजी निघत नाही.

पाऊलखुणा:
@डांबरट, पाइप अगदी तिथेच सुटतो हो! दुरुस्त केलेल्या तुकड्यावर लगेच सीलर चालेल का? कोल टारवाला घ्यायचा की साधा? आणि दरवर्षी मारावा लागतो का?

डांबरट:
लगेच नको. ताज्या डांबरातली तेलं उडून ते मुरायला वेळ लागतो. साधारण 6 महिने ते वर्षभर तो तुकडा उघडा राहू द्या, भले ठिगळासारखा दिसो. बाकीच्या भागाला आत्ता मारलात तरी चालेल.

कोल टारवाला, म्हणजे दगडी कोळशापासून काढलेल्या डांबराचा सीलर तेलाला चांगला टिकतो, पण त्यात पीएएच नावाची कर्करोगकारक रसायनं बरीच असतात आणि झिजलेल्या थराची धूळ घरात आणि नाल्यात जाते. अमेरिकेत ऑस्टिन शहराने 2006 पासून आणि वॉशिंग्टन राज्याने 2011 मध्ये त्यावर बंदी आणली. घरासाठी डांबर इमल्शनचा (साधं डांबर पाण्यात घोळवून केलेला) सीलर घ्या.

दरवर्षी तर मुळीच नको. थरावर थर चढले की सीलरलाच भेगा पडतात. दोन ते चार वर्षांनी, तेही गरज असेल तर. स्वच्छ जागी तांब्याभर पाणी ओतून बघा. थेंब धरून वर राहिलं तर अजून अवकाश आहे, जिरून डाग काळपट पडला तर वेळ झाली.

एरवी जागच्या जागी स्टिअरिंग फिरवू नका, कडक उन्हात दुचाकीच्या स्टँडखाली फळी ठेवा आणि कडेची माती वाहून गेली असेल तर पुन्हा भरा, आधार गेला की कडा तुटतात.

नवऱ्याचा उत्साह आत्ताच वापरायचा असेल तर भेगांतलं गवत उपटायला सांगा. त्याला ना तापमान बघावं लागतं, ना पाऊस.

पाऊलखुणा:
सांगितलं. आता त्याची कंबर दुखतेय. पाइपवाल्याला मात्र उद्याच बोलावलंय.