मदत हवी आहे: इंजिनिअर्ड वूड फ्लोअरिंग, तीन नमुन्यांपैकी कोणता घेऊ?

मंडळी,

नव्या घराचं आतलं काम सुरू आहे. बैठकीच्या खोलीत आणि बेडरूममध्ये लाकडी जमीन करायची असा घरात ठराव झालाय (माझं मत कुणी विचारलं नाही, धागा मात्र मी काढायचा). भरीव लाकडाच्या फळ्या दमट-कोरड्या हवेत फार हलतात म्हणून इंजिनिअर्डवर (वर खऱ्या लाकडाचा थर, खाली प्लाय किंवा तसाच बोर्ड) आलो. खाली सिमेंटचा कोबा आहे, खिडक्या मोठ्या आहेत, घरात एक कुत्रा आहे.

टेबलावर तीन नमुने पडलेत:

अ) ओक, एकूण जाडी 14 मिमी, वरचा खऱ्या लाकडाचा थर 3 मिमी, खाली प्लाय, ऑइल फिनिश. कोब्यावर ग्लूने चिकटवायचा.
ब) अक्रोड, 15 मिमी, आत एचडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला घट्ट बोर्ड), चकचकीत लॅकर, क्लिकवाला (ग्लू न लावता फळ्या एकमेकींत अडकवायच्या). वरचा थर किती विचारलं तर उत्तर 'प्रीमियम व्हिनियर'.
क) ओक, 10 मिमी, वरचा थर 0.6 मिमी, मॅट लॅकर, हाही क्लिकवाला.

घरच्यांचा जीव 'ब'वर जडलाय. मला 'अ' बरा वाटतो, पण का ते धड सांगता येत नाही. ग्लू की क्लिक, ऑइल की लॅकर, आणि मुळात जाडी किती बघायची? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

रंधा:
'ब'ला आधी हात जोडा. वरचा थर किती मिमी हे जो सांगत नाही, त्याचा थर सांगण्यासारखा नसतो.

एकूण जाडीवर जाऊ नका. 15 मिमीची फळी 14 मिमीपेक्षा भारी, असं काही नसतं. तुम्ही ज्यावर चालणार आणि पुढे कधीतरी घासून नवं करणार, तो फक्त वरचा थर. मशीनने एकदा पूर्ण घासलं की साधारण अर्धा ते एक मिमी लाकूड जातं. म्हणजे 3 मिमीला एक-दोन वेळा संधी आहे, 0.6 मिमीला एकदाही नाही. युरोपच्या ईएन 13489 या मानकात अशा बहुस्तरीय पार्केटसाठी (म्हणजे लाकडी जमिनीच्या फळ्यांसाठी) वरचा थर किमान 2.5 मिमी धरलाय, तो आकडा लक्षात ठेवा.

नमुना हातात आहे तर एक करा. फळी आरपार कापलेली असेल ती बाजू उजेडाकडे धरा आणि नखाने वरून खाली या. खऱ्या लाकडाच्या थराची रेघ लगेच दिसते. तिथे स्टीलची पट्टी लावून मोजा. लांबीच्या कडेकडून बघू नका, तिथे फळ्या एकमेकींत बसवायची जीभ आणि खाच असल्यामुळे फसायला होतं. खाचेच्या वर किती लाकूड आहे तेही बघून घ्या, कारण घासाई त्याच्या खाली नेता येत नाही.

मग फळी पालटा. प्लायचे थर एकमेकांना आडवे-उभे दिसायला हवेत. लाकूड हलतं ते मुख्यतः रेषांना आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात, इंजिनिअर्डची सगळी करामत एवढीच. प्लायमध्ये पोकळ्या दिसल्या तर नमुना परत करा.

गालिचा:
सरळ टाइल लावा, सुखी व्हाल.

धागाकर्ता:
@गालिचा, तो प्रस्ताव पहिल्याच बैठकीत नामंजूर झाला.

@रंधा, मोजलं. 'अ' खरोखर 3 भरतो. 'ब'चा थर पट्टीवर 1 मिमीच्याही आत आहे. पण घरचे म्हणतात अक्रोडाचा रंगच हवा.

रंधा:
रंगासाठी धुरी दिलेला किंवा स्टेन केलेला गडद ओक मिळतो, तो दाखवून बघा. अक्रोड मुळात मऊ. लाकडाचा कठीणपणा मोजायची यांका चाचणी असते, तिच्यात अमेरिकन काळा अक्रोड 1010 पौंडांच्या आसपास, लाल ओक 1290, पांढरा ओक 1360. कुत्र्याची नखं आणि खुर्चीचे पाय याच आकड्यांशी भांडणार. वरचा थर पातळ असेल तर खालच्या एचडीएफचा टणकपणाही मदतीला येतो, त्यामुळे 'ब' लगेच खड्ड्याखड्ड्यांचा होईल असं मी म्हणणार नाही. पण ओरखडा पडला तर घासायला त्यात काही नाही. शिवाय चकचकीत लॅकरवर प्रत्येक चरा आरशासारखा दिसतो.

आणखी एक. मोठ्या खिडक्या म्हणालात. अक्रोड उन्हाने हळूहळू फिका पडतो. ओकही रंग बदलतो, पण इतका डोळ्यांत भरत नाही. काहीही लावलंत तरी सुरुवातीला गालिचे अधूनमधून सरकवा, नाहीतर खाली चौकोन उमटतो.

ओलीसुकी:
सगळे वरून बघताय, मी खालून सुरू करते. कोबा किती जुना आहे? त्यातली ओल मोजली का? लाकडी जमिनीच्या बहुतेक तक्रारी फळीच्या नसतात, खालच्या ओलीच्या असतात. कोब्यातून ओल वर येते, फळीचा तळ फुगतो, वरची बाजू कोरडी राहते, आणि फळ्यांच्या कडा उचलून मधे पन्हळ तयार होते. मग फळीला शिव्या.

घरच्या घरी पहिली चाचणी: साधारण 45 सेंमीचा पारदर्शक जाड प्लास्टिकचा चौकोन कोब्यावर ठेवून चारही कडा टेपने हवाबंद करा आणि किमान 16 तास राहू द्या. आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपटला तर काम थांबवा. काहीच दिसलं नाही म्हणजे कोबा कोरडा, असं मात्र समजू नका. ही चाचणी नापास करायच्या कामाची, पास करायच्या नाही. खात्रीसाठी कंत्राटदाराकडून कार्बाइड मीटरने (कोब्याचा नमुना घेऊन त्यातली ओल मोजणारं साधन) मोजून घ्या. सिमेंटच्या कोब्याला 2 टक्क्यांच्या आत, खाली गरम पाण्याचे पाइप असतील तर 1.8 च्या आत, असा सर्वसाधारण दंडक आहे. तुमच्या फळीच्या कंपनीचा आकडा वेगळा असेल तर तोच धरायचा.

आणि प्लास्टर, पुट्टी, रंग ही ओली कामं संपल्याशिवाय फळ्यांच्या पेट्या घरात आणू नका.

धागाकर्ता:
@ओलीसुकी, नाही मोजली. कंत्राटदार म्हणाला, "वरून कोरडा दिसतोय की."

ओलीसुकी:
वरून तो आधीच सुकतो. त्याला मीटर आणायला सांगा, आणि आकडा कागदावर लिहून घ्या. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच असतो.

कागदावरून आठवलं, फॉर्मल्डिहाइडचाही कागद मागा. प्लाय आणि एचडीएफ रेझिनने चिकटवलेले असतात, त्यातून हा अपायकारक वायू सुटतो. ई1 (युरोपची मर्यादा) किंवा कार्ब फेज 2 (कॅलिफोर्नियाची) यांपैकी काहीतरी लिहिलेलं हवं. कार्बमध्ये प्लायसाठी मर्यादा 0.05 पीपीएम (दहा लाख भागांत 0.05 भाग) आहे. नुसतं 'इकोफ्रेंडली' लिहिलेलं चालणार नाही.

पायरी:
ग्लू की क्लिक यावर माझं मत. आमच्याकडे एका खोलीत क्लिक आणि दुसऱ्या खोलीत ग्लू आहे, म्हणून सांगते. क्लिकवाली जमीन फोमवर तरंगती असते, चालताना हलका पोकळ आवाज येतो. काहींना तो कळतही नाही, मला कळतो. कुत्र्याची नखं त्यावर रात्री टकटक वाजतात. ग्लूची जमीन भरीव वाटते, पण काढायची वेळ आली तर छिन्नी घेऊन बसा. भाड्याच्या घरात मी क्लिकच घेईन.

क्लिक घेतलंत तर फोम जाड घ्यायचा मोह टाळा. मऊ फोमवर सांधे दबत राहतात आणि जीभ तुटते. 2-3 मिमी पुरे. कोब्याची पातळीही तपासा. 2 मीटरची सरळ पट्टी ठेवल्यावर खाली 3 मिमीपेक्षा जास्त फट नको. ग्लूलाही हे लागू, ग्लू खड्डे भरायला नसतो. आणि दोन्हींत भिंतीकडे साधारण 10 मिमी जागा सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. घाईत कामगार ती विसरतात, तिथे उभं राहा.

ऑइल की लॅकर: कुत्रा आहे तर ऑइल. खरवडलं तेवढ्याच जागी घासून पुन्हा ऑइल लावता येतं. लॅकरला ठिगळ दिसतं. पण ऑइलला निगा लागते, मधूनमधून पुन्हा हात द्यावा लागतो. ज्या घरात ते कुणी करणार नाही, त्या घरात मॅट लॅकरच बरं. दोन्हींवर ओलं पोछं नाही, पिळून घेतलेलं कापड फक्त. वाफेचा मॉप तर दारातही आणू नका.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. घरी नमुन्यांची कापलेली बाजू दाखवली, तेव्हा 'ब'चा आग्रह आपोआप ढिला झाला. गडद ओक, 3 मिमी, मॅट ऑइल, ग्लू, यावर एकमत होतंय. कंत्राटदाराला मीटर आणायला सांगितलंय, आकडा जास्त आला तर फळ्यांची ऑर्डर पुढे ढकलू.

शेवटचा प्रश्न: माल किती जास्तीचा मागवू? आणि दारं आधीच बसलीत, त्यांचं काय?

रंधा:
सरळ ओळीत लावणार असाल तर 7-10 टक्के जास्त, माशाच्या काट्याची नक्षी करणार असाल तर 15 पर्यंत. एकाच बॅचचा माल घ्या, उरलेली एक पेटी ठेवून द्या. पाच-सहा पेट्या एकदम उघडून फळ्या मिसळून लावायला सांगा, नाहीतर एका कोपऱ्यात सगळ्या गाठी आणि दुसऱ्यात सगळं गुळगुळीत. शेजारच्या ओळींतले आडवे सांधे किमान 30 सेंमी अंतरावर हवेत.

दारांसाठी फळीचा तुकडा चौकटीशी जमिनीवर ठेवा, त्यावर हातकरवत आडवी टेकवा आणि चौकटीचा खालचा भाग कापा. फळी त्याखाली सरकते, कडेला पट्टी मारावी लागत नाही. ग्लूसाठी एक मिमी वर धरा. दाराची फळी मात्र जमीन पूर्ण झाल्यावरच तासा.