कवितेची पुस्तकं काढणाऱ्या छोट्या प्रकाशकांचं नुसतं कौतुक पुरे, प्रती विकत घ्या

शिळा_चहा:
२०२२ मध्ये गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधी’च्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या ‘हार्ट लँप’ला. इथे आपण पेढे वाटले. पण ही पुस्तकं तिकडे काढली कुणी? टिल्टेड अ‍ॅक्सिस आणि अँड अदर स्टोरीज या ब्रिटनमधल्या चिमुकल्या प्रकाशनांनी. अँड अदर स्टोरीज वर्गणीदारांच्या आधारावर चालतं, त्यांची नावं पुस्तकाच्या शेवटी छापतं. आपल्याकडे कवितासंग्रह आला की पहिला प्रश्न: ‘एक प्रत देशील ना?’ फुकट, अर्थातच. मराठीत कविता आणि अनुवाद काढणाऱ्याला आगाऊ वर्गणी द्यायला तुम्ही तयार आहात का, एवढंच सांगा.

गल्लीबोळ:
मी नाही. कवीकडून छपाईचा खर्च घ्यायचा, गठ्ठे त्याच्याच घरी पोचवायचे आणि स्वतःला प्रकाशक म्हणवायचं, असे कितीतरी आहेत. मुद्रितशोधन नाही, संपादन नाही. पुस्तक कवीच्या पलंगाखाली. हिला मी छपाईची दलाली म्हणतो, तिला वर्गणी कशाला?

शिळा_चहा:
दलालांबद्दल मी बोलतच नाहीये. अशोक शहाण्यांचं ‘प्रास’ प्रकाशन आठवा. १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ त्यांनी काढलं, २००३ मध्ये ‘भिजकी वही’ही त्यांनीच. त्या संग्रहाला साहित्य अकादमी मिळालं, कोलटकर गेल्यावर. कोलटकरांचा इंग्रजी कवितासंग्रह ‘जेजुरी’ १९७६ मध्ये आला ते ‘क्लिअरिंग हाऊस’कडून, म्हणजे कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनीच चालवलेल्या प्रकाशनाकडून. पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार.

त्रयस्थ:
कोलटकर हा या वादातला हुकमाचा एक्का झालाय, कुणीही काढतो. ते जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले कलादिग्दर्शक होते, पोट कवितेवर नव्हतं. आणि ‘जेजुरी’ २००५ मध्ये न्यूयॉर्क रिव्ह्यू बुक्सनं काढलं, तेव्हा अमेरिकेतल्या दुकानांत पोचलं. पोचवणं हेही प्रकाशकाचंच काम. अनुवादकाचं काय? बुकरचे पन्नास हजार पौंड लेखक आणि अनुवादक निम्मे-निम्मे वाटून घेतात. आपल्याकडे ‘साहित्यसेवा’ म्हणून अनुवाद करून घेतात, मानधनाचं विचारलं की चेहरे पडतात. लेखी करार किती जण करतात?

कागदगोदाम:
बांधणीच्या कामात असतो, म्हणून हिशेब थोडा माहीत आहे. मोठ्या संख्येनं छापलं की प्रतीमागचा खर्च उतरतो, आणि कवितेच्या पुस्तकाचं नेमकं तेच होत नाही. वर विक्रेत्याची टक्केवारी, टपाल, ग्रंथालयांना सवलत. दुकानदार पैसे उशिरा देतो आणि न खपलेल्या प्रती कोपरे दुमडून परत करतो. हे झेलून कुणी टिकलं तर मला त्याचं नवल वाटतं. मुंबईत हेमंत दिवटे यांनी ‘अभिधानंतर’ हे नियतकालिक चालवलं, ‘पोएट्रीवाला’ या आपल्या प्रकाशनातर्फे मराठी कवी इंग्रजीत नेले. नामदेव ढसाळांच्या कवितांचे दिलीप चित्रे यांनी केलेले इंग्रजी अनुवाद २००७ मध्ये ‘नवयान’ प्रकाशनानं काढले, तेव्हा तेही छोटंच घर होतं. ही कामं मोठ्यांनी का केली नाहीत, हेही विचारा.

त्रयस्थ:
चित्र्यांचेच तुकारामाचे अनुवाद पेंग्विननं काढले होते, १९९१ मध्ये. मोठे करतच नाहीत असं नाही.

कागदगोदाम:
तुकाराम आणि ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा संग्रह यांत फरक आहे हो. तुकारामाला गिऱ्हाईक साडेतीनशे वर्षं आहे.

गल्लीबोळ:
बरं, वर्गणी देतो. दोन अटी. अनुवादकाशी लेखी करार हवा. आणि कवीकडून पैसे घेतले असतील तर पहिल्या पानावर तसं छापा.

शिळा_चहा:
दोन्ही मान्य. माझी एक अट: मानधन देऊन काढलेल्या ऐंशी पानांच्या पुस्तकाची किंमत तीनशे झाली, तर ‘कवितेला एवढे?’ अशी कुरकुर इथे करायची नाही.