मदत हवी आहे: विंडोज ११ मध्ये रेकॉर्डिंगच्या टॅबचा डेस्कटॉपवर शॉर्टकट

मंडळी,

आई घरून ऑनलाइन गाणं शिकवते. लॅपटॉप विंडोज ११ चा, माइक यूएसबीचा. टेबल लहान, त्यामुळे क्लास संपला की माइक काढून कपाटात जातो. पुन्हा लावला की बऱ्याचदा लॅपटॉप स्वतःचाच माइक धरून बसतो, आणि शिष्यांना आईपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो.

मग मी फोनवरून सांगायचं: सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, अगदी तळाशी जा, ‘मोअर साउंड सेटिंग्ज’, रेकॉर्डिंग, माइक निवड, ‘सेट डिफॉल्ट’. तोवर शिष्य ताटकळलेले.

डेस्कटॉपवर असं चिन्ह हवंय की डबल क्लिक केलं की थेट रेकॉर्डिंगचा टॅब उघडेल. कंट्रोल पॅनेलमधून ‘साउंड’ ओढून आणून पाहिलं, पण ते प्लेबॅकवर उघडतं. बाहेरचं सॉफ्टवेअर शक्यतो नको.

प्रतिसाद

बाहेरचं काही लागत नाही. डेस्कटॉपवर राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट. पत्त्याच्या चौकटीत इंग्रजीत टाइप करा: ‘कंट्रोल’, एक स्पेस, ‘एमएमएसवायएस डॉट सीपीएल’, त्याला चिकटून दोन स्वल्पविराम आणि १. स्वल्पविरामांच्या आजूबाजूला स्पेस नको. टॅबची मोजणी शून्यापासून आहे: ० प्लेबॅक, १ रेकॉर्डिंग, २ साउंड्स. तुमचा शॉर्टकट आकडा नसल्यामुळे पहिल्या टॅबवर उघडत होता.

नाव मराठीत द्या, ‘माइक’ वगैरे. चालतं.

प्रतिसाद

वरचं बरोबर आहे, पण दुखणं वेगळंच वाटतंय. कॉलच्या अ‍ॅपमध्ये माइक ‘सिस्टिमप्रमाणे’ असा ठेवला असेल, तर तिथे यूएसबी माइक नावानिशी निवडा. मग विंडोजचा डिफॉल्ट कुठेही गेला तरी बहुधा फरक पडणार नाही. फक्त कॉल सुरू करण्याआधी माइक लावलेला हवा.

आणि गाण्याचा क्लास आहे म्हणून सांगतो, अ‍ॅपमधलं नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट गाळणारी सोय) बंद किंवा कमी करा. तानपुऱ्याचा सलग सूर त्याला पंख्याची घरघर वाटते आणि ते तो कापून टाकतं.

धागाकर्ती

दोघांचेही आभार! शॉर्टकट झाला, थेट रेकॉर्डिंगवर उघडतो. अ‍ॅपमध्ये खरंच ‘सिस्टिमप्रमाणे’ होतं, ते बदललं. तानपुऱ्याचं उद्याच्या क्लासला बघते. शिष्य म्हणायचे की सूर मध्येच गायब होतो, आम्ही नेटला दोष देत होतो.

एकच राहिलं: चिन्ह कंट्रोल पॅनेलचं आलंय. स्पीकरचं किंवा माइकचं करता येईल का? आईला चित्रावरून ओळखायला सोपं जातं.

प्रतिसाद

शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘चेंज आयकॉन’, ब्राउज. विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरमध्ये ‘एसएनडीव्हीओएल’ नावाची फाइल आहे, तिच्यात स्पीकर मिळेल. प्रॉपर्टीजच्याच खिडकीत ‘शॉर्टकट की’ची चौकट आहे. तिथे एम दाबलंत की कंट्रोल-ऑल्ट-एम ठरतं, मग डेस्कटॉपवर जायचीही गरज नाही.